सुरावटीच्या खाली कान लावा : चेलोवरचं चित्रपटसंगीत ऐकायला सुरुवात करताना

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं, पण खूप मोठं, बसून गजानं वाजवायचं वाद्य. त्यावर वाजवलेली एखादी ओळखीची चित्रपटधून कुणीतरी पाठवतं. आपण ऐकतो, धून ओळखतो, 'वा, काय गोड वाजवलंय' म्हणतो आणि पुढे जातो. त्यात आनंद आहेच. पण तेवढ्यावर थांबलं तर गाणं ऐकून होतं आणि चेलो ऐकायचा राहून जातो. चित्रपटसंगीतात चेलो तीन कामं करतो. कधी सगळ्या वाद्यवृंदाखाली तळ धरून उभा राहतो, कधी मुख्य सुरावटीला जोडून तिच्या पोटातून दुसरी सुरावट चालवतो, आणि कधीतरी पुढे येऊन स्वतः गातो. तिसरं काम सगळ्यांना ऐकू येतं. पहिल्या दोन कामांत त्याला पकडता आलं, की या तिसऱ्याची खरी गोडी लागते.

पाश्चात्त्य संगीत शिकलेलं नाही, नोटेशन वाचता येत नाही, अशांसाठी पुढचा क्रम आहे. तो याच क्रमानं घ्या. एका बैठकीत एकच रचना ऐका, पण तीनदा. पहिल्यांदा डोळे मिटून नुसती, दुसऱ्यांदा सगळ्यात खाली जे वाजतंय ते गुणगुणत, आणि तिसऱ्यांदा तो प्रसंग पडद्यावर पाहत. पहिल्याच वेळी चित्र पाहिलं तर डोळे कानांना काही उरू देत नाहीत.

फोनचा स्पीकर नको

चेलोला चार तारा. सगळ्यात जाड तार सुमारे 65 हर्ट्झवर (सेकंदाला 65 कंपनांवर) लागते, मग 98, 147 आणि सगळ्यात बारीक 220. बहुतेक फोनच्या इवल्याशा स्पीकरला 200 हर्ट्झच्या खाली उतरणं जड जातं. म्हणजे खालच्या तीन तारांवर वाजलेल्या बऱ्याचशा स्वरांचा पाया तुमच्यापर्यंत पोचतच नाही. मेंदू वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर ओळखून घेतो, त्यामुळे धून कळते, पण चेलोचं वजन हरवतं. त्या वजनासाठी तर हे वाद्य ऐकायचं.

साधे वायरवाले इअरफोनही चालतील, फक्त कानात नीट बसायला हवेत. घरी जुने मोठे स्पीकर असतील तर फारच छान. एक काळजी घ्या : 'बास बूस्ट' किंवा तसली कुठलीही करामत बंद ठेवा. त्यानं ढोल आणि डबल बास (चेलोहून मोठं, आणखी खालच्या स्वरांचं वाद्य) फुगतात आणि त्यांच्या लगेच वरच्या पट्टीत राहणारा चेलो त्यांच्यात बुडून जातो.

पेटीवरून तारा ओळखा

तारांची इंग्रजी नावं पाठ करत बसू नका. पुरुष गायक पांढरी एकचा सा लावतो, तो मध्य सा धरा. आता चेलोच्या तारा खालून वर अशा लागतात : मंद्र सा, मंद्र प, मध्य रे, मध्य ध. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात. घरी पेटी असेल तर हे चार स्वर दाबून पाहा, नसेल तर मोबाइलवरची पेटी पुरेल. माणूस बोलतो, गुणगुणतो, हाक मारतो तो सगळा पट्टा या वाद्याच्या मधोमध येतो. पुरुषाचं साधं बोलणं 85 ते 180 हर्ट्झच्या आसपास असतं, म्हणजे चेलोच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारेच्या मुलखात. चेलो 'बोलतोय' असं ऐकणाऱ्याला वाटतं त्याचं एक कारण हेच.

या हिशेबाचा दुसरा उपयोग ओळख पटवायला होतो. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार मध्य पवर आहे, व्हायोलाची (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) मध्य सावर. त्यामुळे गजानं वाजणारी सुरावट मध्य पच्या खाली उतरली की ते व्हायोलिन नाही, आणि मध्य साच्याही खाली गेली की व्हायोलाही नाही. उलट दिशेनं ओळखणं अवघड, कारण चेलोवादक वरच्या तारेवर चढत चढत व्हायोलिनच्या प्रदेशात सहज जातो. तिथे स्वराच्या ताणाकडे लक्ष द्या. तोच स्वर व्हायोलिनवर आरामात निघतो, चेलोवर तो ओढून काढावा लागतो, आणि ती ओढ ऐकू येते. संगीतकार व्याकुळ प्रसंगात सुरावट मुद्दाम तिथे नेऊन ठेवतात.

आपल्याकडच्या श्रोत्यांची गल्लत बहुधा सारंगीशी होते. सारंगीत मुख्य स्वरामागे तरफांची, म्हणजे आपोआप कंपणाऱ्या जोडतारांची, सतत झंकारणारी आस असते. चेलोला तरफा नसतात. स्वर थांबला की तिथे उरतो तो लाकडाचा आणि सभागृहाचा घुमारा.

आधी एकटा चेलो

वाद्यवृंदातून चेलो वेगळा काढण्यापूर्वी तो एकटा कसा वाजतो ते कानात बसवा. 2003 सालच्या 'मास्टर अँड कमांडर' या समुद्रपटात जहाज गॅलापागोस बेटांशी पोचतं तेव्हा बाख या जर्मन संगीतकाराच्या पहिल्या चेलो सुईटचा, म्हणजे चेलोसाठीच्या रचनामालिकेचा, प्रेल्यूड (सुरुवातीचा भाग) वाजतो. वादक यो-यो मा. ही रचना चित्रपटासाठी लिहिलेली नाही, ती त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीची आहे, पण सुरुवातीला याहून चांगला धडा मला माहीत नाही. एकच वाद्य, साथ नाही, तरी खाली तळ आणि वर सुरावट असं दोन्ही ऐकू येतं. खालचा स्वर क्षणभर वाजतो, गज वरच्या तारांवर निघून जातो, आणि आपला कान तो खालचा स्वर पुढची तान संपेपर्यंत धरून ठेवतो.

इथेच गजाकडे लक्ष द्या. घोड्याच्या केसांचा गज, त्याला राळ चोळलेली. तो एका दिशेनं संपतो आणि उलट फिरतो त्या सांध्यावर बारीकशी घासट येते. कसलेला वादक ती हवी तेव्हा लपवतो, हवी तेव्हा दाखवतो. दोन-तीनदा ऐकल्यावर हे सांधे आपोआप ऐकू यायला लागतात, आणि मग वाक्य कुठे संपलं, कुठे नुसता दम घेतला, हे कळतं. गज बाजूला ठेवून बोटानं तार छेडली की आवाज एकदम कोरडा आणि ठेक्याचा होतो. तारेवर बोट न दाबता नुसतं टेकवलं की पोकळ, शिट्टीसारखा स्वर निघतो. गज घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) अगदी जवळ नेला की स्वर खरखरीत आणि थंड होतो. रहस्यपटांच्या पार्श्वसंगीतात ही शेवटची युक्ती सारखी भेटेल.

तळ : दोन स्वर पुरतात

1975 च्या 'जॉज'मध्ये जॉन विल्यम्स यांनी शार्क आणला तो दोन स्वरांवर. त्यांत अंतर किती, तर सा आणि कोमल रे एवढंच. चेलो आणि डबल बास मिळून ते आलटून पालटून वाजवतात. स्वर बदलत नाहीत. त्यांच्यामधला थांबा कमी होत जातो, गजाचा दाब वाढतो, वर बाकीची वाद्यं चढत जातात. दुसऱ्या ऐकण्यात हे दोन स्वर शेवटपर्यंत गुणगुणून पाहा. वरचा गलबला कितीही वाढला तरी ते सोडायचे नाहीत. तळ ऐकण्याचा हा सोपा आणि पक्का सराव आहे.

एकच पात्र, दोन चेलो

आता खरी मेजवानी. बॅटमनच्या गोष्टींतला खलनायक जोकर हे पात्र दोन वेगळ्या चित्रपटांत दोन वेगळ्या संगीतकारांनी चेलोवर उभं केलं. हे दोन्ही एकामागोमाग ऐका.

2008 च्या 'द डार्क नाइट'मध्ये हान्स झिमर यांनी जोकरला धून दिलीच नाही. मार्टिन टिलमन यांच्या चेलोवरचा एक स्वर पातळ, चिवट सुरू होतो आणि अतिशय हळू वर ताणला जातो. मींड म्हणावी तर ती कुठल्याच स्वरावर विसावत नाही. आपल्या कानाला मींडेच्या शेवटी मुक्कामाची सवय, इथे मुक्काम नाकारला जातो आणि अंगावर काटा येतो. एखाद्या स्वराला काय केलं तर तो असह्य होईल, याचा हा अभ्यास आहे. पहिल्या ऐकण्यात आवाज बेताचा ठेवा.

2019 च्या 'जोकर'मध्ये आइसलंडच्या हिल्दुर गुद्नादोत्तिर यांनी उलट वाट धरली. त्या स्वतः चेलोवादक. चित्रीकरणाच्या आधीच, नुसती पटकथा वाचून त्यांनी चेलो हातात घेऊन संगीत रचायला सुरुवात केली. इथे धून आहे, पण तोकडी, जड पावलांची. थोडे स्वर, मग थांबा, पुन्हा तेच स्वर. सुरुवातीला एकटा चेलो आहे असंच वाटतं. प्रत्यक्षात मागे मोठा वाद्यवृंद वाजत असतो, इतका हळू की तो जाणवू नये. चित्रपट पुढे सरकतो तसा तो वाद्यवृंद चेलोच्या पाठीमागून वर येत जातो आणि शेवटी चेलोवर कुरघोडी करतो. माणसाच्या आत दबलेलं काहीतरी बाहेर कसं येतं ते शब्दांशिवाय यातून उमगतं.

यातला स्वच्छतागृहातल्या नाचाचा प्रसंग तिसऱ्या ऐकण्यासाठी राखून ठेवा. पटकथेत तिथे नाच नव्हता. दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी जागेवर हिल्दुर यांची रचना लावली आणि वाकीन फीनिक्स ती ऐकत हालचाल करू लागले. पाय, मग हात, मग पाठ. पाहताना गजाच्या लांब ओढीवर नजर ठेवा : अंगाची हालचाल जवळपास गजाच्याच चालीनं होते. या संगीताला 2020 साली ऑस्कर मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

चेलो गातो तेव्हा

इथपर्यंत आलात की मगच गाणाऱ्या चेलोकडे वळा. एकच संग्रह घ्यायचा तर 2004 साली आलेला, यो-यो मा यांनी एनिओ मोरिकोने यांच्या चित्रपटधुना वाजवलेला संग्रह घ्या. मोरिकोने यांनी स्वतःच्या धुना चेलोसाठी स्वतःच नव्यानं बांधल्या आणि वाद्यवृंदाचं संचालनही केलं. त्यामुळे हा कुणा परक्यानं केलेला अवतार नाही, संगीतकारानंच आपली रचना दुसऱ्या गळ्यातून ऐकून पाहिली आहे.

सुरुवात 'द मिशन' (1986) या चित्रपटातल्या 'गॅब्रिएल्स ओबो'पासून करा. आधी मूळ रचना ऐका. पडद्यावर पाद्री गॅब्रिएल रानात बसून ओबो वाजवतो आणि झाडीतून ग्वारानी हे तिथले आदिवासी लोक पुढे येतात. ओबो फुंकून वाजवायचं वाद्य, त्यामुळे सुरावटीचं प्रत्येक वाक्य श्वासाएवढं आहे. मध्ये छोट्या मुरक्या आहेत, त्या ओबोवर चटकन, हलक्या येतात. मग चेलोवरची ऐका. चेलोला श्वास घ्यायचा नसतो, पण यो-यो मा वाक्यांमध्ये श्वासाची जागा ठेवतात. मुरक्या जरा सावकाश, तारेला घासून येतात. दीर्घ स्वर सुरू होताना साधा असतो आणि मग त्याला हलका कंप सुटतो. हा कंप कधी सुरू होतो, किती रुंद असतो, शेवटी विरतो की तुटतो, एवढं एकच ऐकायचं ठरवून पुन्हा लावा. चांगला वादक प्रत्येक स्वराला सारखा कंप देत नाही. तुम्हाला भीमसेन जोशींची किंवा किशोरी आमोणकरांची स्वर लावण्याची तऱ्हा आवडत असेल तर यासाठी वेगळा कान लागणार नाही, तुमच्याकडे तो आहेच.

त्याच संग्रहात 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968) ची धून आहे. मूळ चित्रपटात ती एद्दा देल्लोर्सो यांनी शब्दांशिवाय गायली आहे, आकारात. तो आकार आणि चेलो शेजारी शेजारी ठेवून ऐका. माझं मत विचाराल तर इथे मूळ आवाजच सरस. चेलो फार सुंदर आहे, पण त्या बाईंच्या आवाजातला मोकळेपणा त्यात उतरत नाही. 'गॅब्रिएल्स ओबो'त मात्र मला चेलोच जास्त जवळचा वाटतो. तुमचं मत उलटं पडलं तरी बिघडलं नाही, ते कशामुळे पडलं हे सांगता आलं पाहिजे.

मींडेच्या प्रेमात असलेल्यांनी यानंतर 2000 सालचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' घ्यावा. संगीत तान दुन यांचं, चेलो पुन्हा यो-यो मा यांचा. चिनी एर्हू हे दोन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. त्याची स्वरावरून स्वरावर घसरण्याची चाल इथे चेलोनं उचलली आहे. पाश्चात्त्य वादक एरवी घसरणं बेतानं वापरतात, इथे ती सुरावटीचा जीव आहे. आपल्या रागसंगीतातही हे वाद्य आलं ते याच गुणावर. पंडित हरिप्रसाद चौरसियांकडे शिकलेल्या सास्किया राव आणि उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकलेल्या नॅन्सी लेश यांचं वादन मिळवून ऐका, म्हणजे चेलोवरची मींड किती लांब जाऊ शकते ते समजेल.

'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' (2005) मध्ये जॉन विल्यम्स यांनी सायुरी या नायिकेला चेलो दिला आणि तिच्या मनातल्या पुरुषाला व्हायोलिन. चेलो यो-यो मा, व्हायोलिन इत्झाक पर्लमन. कोण कधी बोलतंय एवढंच ओळखत चित्रपट पाहा. स्त्रीला भारदस्त आवाज, पुरुषाला बारीक, या उलटापालटीची कानाला लवकर सवय होते.

आणि एक पूर्ण चित्रपट सलग पाहायचा असेल तर 2008 चा जपानी 'डिपार्चर्स'. नायक चेलोवादक आहे. त्याचा वाद्यवृंद बंद पडतो, महागडा चेलो विकावा लागतो, तो गावी परततो आणि मृतांना अंत्यविधीसाठी सजवण्याचं काम पत्करतो. घरी त्याचा लहानपणचा छोटा चेलो असतो. जो हिसाइशी यांनी सगळं संगीत चेलोभोवती विणलं आहे. मोठ्या वाद्यवृंदातला चेलो, एकट्या माणसाच्या हातातला छोटा चेलो आणि पार्श्वसंगीतातला चेलो, असे तीन निरनिराळे आवाज एकाच गोष्टीत मिळतात. या चित्रपटाला परभाषिक विभागात ऑस्कर मिळालं होतं.

आपल्या गाण्यांतला दडलेला चेलो

हिंदी गाण्यांत चेलो फार क्वचित एकटा पुढे येतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्या कामावर असतो : जोडसुरावट. मुंबईचे वादक तिला ऑब्लिगेटो म्हणतात. गायकाची ओळ चालू असताना तिच्या खालून, तिच्या मोकळ्या जागा भरत जाणारी तंतुवाद्यांची ओळ. ही कला मुंबईत रुजवण्यात गोव्याच्या वादकांचा आणि अ‍ॅरेंजरांचा वाटा फार मोठा. अ‍ॅरेंजर म्हणजे कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते ठरवून लिहिणारा. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही माणसं स्टुडिओत कागद समोर येताच वाजवू शकत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे अ‍ॅरेंजर सेबॅस्टियन डिसूझा त्यांच्यातले. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती तर स्वतःच चेलोवादक होते.

सरावासाठी 'जिस देश में गंगा बहती है' (1960) मधलं 'आ अब लौट चलें' लावा. तंतुवाद्यांचा ताफा प्रचंड आहे. पहिल्यांदा मुकेश आणि लताबाईंना सोडून फक्त व्हायोलिनं ऐका, मग व्हायोलिनांना सोडून त्यांच्या खालचं. हे जमायला वेळ लागतो. जुन्या ध्वनिमुद्रणात मोजके माइक असत आणि गायक सगळ्यांत पुढे. म्हणून आधी इंटरल्यूडमध्ये (दोन कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यात) शोधा, गाणं थांबलेलं असतं तिथे खालचे थर मोकळे होतात. एकदा ती ओळ कानात बसली की कडव्यातही तिचा माग काढता येतो.

मराठीत हा सराव 'सैराट'वर (2016) करा. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रण स्टुडिओत पूर्ण सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. 'याड लागलं' सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच उपयोगी : शब्द आणि चाल ऐकायची गरज उरत नाही, लक्ष सरळ खाली नेता येतं. ध्वनिमुद्रण स्वच्छ असल्यामुळे चेलो आणि डबल बास वेगळे काढणंही जुन्या गाण्यांपेक्षा सोपं जातं.

कव्हर निवडताना

इंटरनेटवर चित्रपटधुनांची चेलोवरची कव्हर, म्हणजे दुसऱ्या कुणी पुन्हा वाजवलेली रूपं, अमाप आहेत. 2017 साली 'टूचेलोज' या जोडीनं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर चित्रपटधुनांचा अख्खा संग्रह काढला, तो सुरुवातीला आवडेल. पण निवड करताना काही गोष्टी तपासा. घुमारा इतका घातलाय का, की गजाचा सांधा ऐकूच येत नाही? सगळे स्वर सारख्याच रडव्या कंपानं वाजतायत का? मूळ धून आहे त्याहून संथ करून भाव ओतल्याचा देखावा आहे का? तसं असेल तर पुढचं ऐका. मला स्वतःला खोलीत बसून, माइक जवळ ठेवून, घुमारा न घालता वाजवलेली साधी कव्हर जास्त शिकवतात. त्यांत बोटं तारेवर आपटल्याचा आवाजही येतो.

संगणकावरचा तयार चेलोही पार्श्वसंगीतात आता भरपूर वापरतात. तो ओळखायची खूण अशी : प्रत्येक स्वर एकाच पद्धतीनं सुरू होतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट नसते.

समोर बसून

हे सगळं महिना-दोन महिने झालं की एकदा प्रत्यक्ष ऐका. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम होतात. हा वाद्यवृंद 2006 पासून आहे. गोव्यात आणि पुण्यातही पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. वाद्यवृंद असेल तर चेलो बहुतेक वेळा प्रेक्षकांच्या उजव्या हाताला बसतात, तेव्हा तिकीट काढताना उजवीकडची जागा मागा. लहान मैफल असेल तर अगदी पुढची. चेलो जमिनीवर एका टोकदार दांडीवर टेकलेला असतो आणि व्यासपीठ लाकडी असेल तर त्या दांडीतून तेही घुमतं. हे इअरफोनमध्ये मिळत नाही.

कार्यक्रमपत्रिका आधी मिळाली तर त्यातल्या दोनच धुना निवडा आणि मूळ ध्वनिमुद्रणं आदल्या दिवशी ऐकून जा. सभागृहात त्या दोन धुना वाजताना वादकाचा उजवा हात पाहा, डावा नाही. डावा हात चटकदार असतो, नजर तिकडेच ओढली जाते, पण स्वराचा रंग, जोर, वाक्याचा शेवट हे सगळं उजव्या हातात, गजात ठरतं.